अंगठी संपल्यानंतरची सहा प्रकरणं : ‘द रिटर्न ऑफ द किंग’

तेरणाकाठ (लातूर)

टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा भाग वाचून झाला. डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. ज्यांना अजून वाचायचाय त्यांनी इथूनच मागं फिरा, कारण शेवट सगळा उघड करूनच बोलणार आहे.

या भागाचा उत्तरार्ध नऊ प्रकरणांचा. दुष्ट सॉरॉनची सगळी ताकद जिच्यात आहे ती अंगठी आगीत पडते तिसऱ्याच प्रकरणात. सॉरॉन संपला, काळा मनोरा ढासळला, जग वाचलं. आणि पुढं सहा प्रकरणं शिल्लक! मला मित्रांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तिथून पुढं राज्याभिषेक, निरोपानिरोपी आणि परतीची वाट आहे, चाळलंस तरी चालेल. मी चाळलं नाही, आणि आता माझं ठाम मत झालंय की एवढी हजार पानं ज्याच्यासाठी लिहिली ते या सहा प्रकरणांतच आहे.

अंगठी वाहून नेणारा फ्रोडो, त्याचा माळी सॅम, मेरी आणि पिपिन असे चार हॉबिट (बुटक्या जमातीतले लोक) घरी येतात तर त्यांच्या शायर मुलखाच्या पुलावर फाटक, तेही बंद. आत भिंतीवर नियमांची यादी. धान्य ‘सगळ्यांना वाटायला’ म्हणून गोळा करून नेलेलं, वाटप मात्र कुठंच नाही. गावातलीच पोरं शिपाई होऊन गावातल्यांनाच धरायला येतात आणि मान खाली घालून बोलतात. सॅमच्या बापाची अख्खी आळी खणून टाकलेली. मैदानातलं मोठं झाड तोडून तसंच आडवं टाकलेलं. सॉरॉनच्या मॉर्डोर मुलखात फ्रोडोची दशा बघून सॅमचं काळीज तुटतं, पण कोरड्या पडलेल्या डोळ्यांना पाणी येत नाही. तोच सॅम या झाडापाशी ढसाढसा रडतो.

आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गेलं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते, ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर आली. पुढं नवं गाव मिळालं. सरळ रस्ते, रांगेत घरं, सगळ्यांची सारखी. आमच्या आबांनी जुन्या घराची सागवानी तुळई ढिगाऱ्यातून ओढून आणली आणि नव्या अंगणात आडवी टाकली. दिवसभर तिच्यावर बसायचे, रात्री तिच्याशेजारी बाज टाकून उघड्यावर झोपायचे. पाऊस आला तर ओसरीत यायचे. छताखाली ते शेवटपर्यंत झोपले नाहीत. घर मजबूत आहे, इंजिनियरनं तपासलंय, हे त्यांना सगळं पटायचं. तरी नाही.

म्हणून फ्रोडोचं मला कळलं. सगळं सावरलंय, बाग फुललीय, लोक मानानं वागवतात, आणि हा माणूस मात्र त्या घरात मावत नाही. शेवटी जहाजात बसून निघून जातो.

तर दोन प्रश्न. तुम्हाला हा शेवट लांबलेला वाटला का? आणि फ्रोडोचं जाणं पटलं का?

गोदाकाठचा (नांदेड)

लांबलाच आहे. भावना समजल्या, आबांबद्दल वाचून गलबललो, पण गोष्ट म्हणून बोलूया. पहिल्या भागापासून वाचकाला एकच सांगितलंय की अंगठी नष्ट करायचीय. ती झाली की दोरी सुटली. नंतर गावगुंडांशी मारामारी कशाला? ज्यांनी नाझगूल, म्हणजे सॉरॉनचे भुतासारखे स्वार, बघितले त्यांच्यापुढं हे काठ्या घेऊन फिरणारे गुंड म्हणजे काय! सिनेमावाल्यांनी ते सगळं गाळलं तेच बरोबर केलं. २००३चा सिनेमा, ११ ऑस्कर, कुणाला काही कमी वाटलं का?

औंढ्याची लेक

मला वाटलं. सिनेमात चौघं परत येतात तर शायर जसंच्या तसं हिरवंगार, पागोट्याची घडीसुद्धा न मोडलेली. खानावळीत बसतात, आजूबाजूचे आपल्याच गप्पांत. तो प्रसंग छान आहे, नाही म्हणत नाही, या चौघांनी काय बघितलं ते कुणालाच ठाऊक नाही एवढं तो नेमकं सांगतो. पण त्यात युद्ध दूर कुठंतरी झालं आणि आपलं गाव सुरक्षित राहिलं असं होतं. पुस्तक म्हणतं, तुम्ही तिकडं लढत होता तेव्हा इकडं तुमचंच घर विकलं जात होतं. आणि विकणारा परका नव्हता, भाऊबंदांतलाच लोथो होता. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागतं का?

डोंगरवाट (अंबड)

भाऊबंदकी म्हटलं की जालना जिल्हा हजर! आमच्याकडं बांधावरून जेवढी महायुद्धं झाली तेवढी या पुस्तकातल्या मध्यभूमीत झाली नसतील 😄

बीडच्या बाई

लोबेलियाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

पहिल्या भागात ही बाई म्हणजे चमचे उचलणारी, बॅग एंड या फ्रोडोच्या घरावर डोळा ठेवून बसलेली खाष्ट नातेवाईक. वाचक तिच्यावर हसतो. शेवटच्या भागात गुंड शेड बांधायला लाकडं घेऊन बॅग एंडकडं येतात तेव्हा ही म्हातारी छत्री उगारून त्यांच्या अंगावर जाते. तिला कोठडीत टाकतात. पुढं कोठड्या उघडतात तेव्हा ती छत्री हातात धरून, स्वतःच्या पायांनी बाहेर येते, आणि बाहेर उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी तिला आपलं म्हटलं. तिला रडू येतं. त्यातच मुलगा लोथो मारला गेल्याचं कळतं. ती बॅग एंड फ्रोडोला परत करून माहेरच्या लोकांत निघून जाते, आणि मरताना सगळा पैसा बेघर झालेल्या हॉबिटांसाठी ठेवून जाते.

ही सगळी गोष्ट जेमतेम दीड परिच्छेदात आहे. अंगठीबरोबर पुस्तक संपवलं असतं तर लोबेलिया कायमची चमचेचोर राहिली असती. गोदाकाठचा, तुम्ही म्हणता दोरी सुटली. मला तर वाटतं पहिल्या भागात बांधलेली गाठ इथं सुटली.

मी शिकवते त्या शाळेत निम्मी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. पोरं आजीआजोबांकडं किंवा वसतिगृहात राहतात, नाहीतर आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर जातात. पट्टा पडला की परत येतात. परत येणाऱ्या माणसाला गाव कसं दिसतं, हे मोठ्या मोठ्या कादंबऱ्यांतसुद्धा फार कमी वेळा सापडतं. इथं सापडलं. म्हणून माझ्याकडून तेरणाकाठ यांना पूर्ण पाठिंबा.

माळवद (छत्रपती संभाजीनगर)

थोडी पार्श्वभूमी देतो, चर्चेला उपयोगी पडेल.

टोल्किनच्या लेखी ही तीन पुस्तकं नव्हतीच, एकच कादंबरी होती. प्रकाशकानं खर्चाच्या धास्तीनं तीन भाग केले. पहिले दोन १९५४ साली आले, तिसरा परिशिष्टांमुळं रखडून २० ऑक्टोबर १९५५ला आला. तिसऱ्या भागाचं नावसुद्धा त्याला पसंत नव्हतं, कारण राजा परत येणार हे मुखपृष्ठावरच कळतं.

लोक तेव्हाही म्हणाले की शायरची नासधूस म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचं रूपक आहे. त्यानं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते साफ नाकारलं. हे प्रकरण कथेच्या आराखड्यात सुरुवातीपासून होतं असं तो सांगतो. आणि अनुभवाचा काही आधार असलाच तर तो फार जुना, आपण लहानपणी राहत होतो तो मुलूख आपण दहा वर्षांचे व्हायच्या आतच उजाड केला जात होता, असं लिहितो. त्याच प्रस्तावनेत आहे की १९१८पर्यंत एक सोडून त्याचे सगळे जिवलग मित्र मेले होते. तो स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होता.

म्हणजे परत आलेला माणूस त्यानं कल्पनेतून काढलेला नाही.

रूपक नको म्हणतानाच तो असंही म्हणतो की वाचकानं आपल्या अनुभवाला गोष्ट लावून बघायला त्याची हरकत नाही, तो वाचकाचा हक्क आहे. तेव्हा किल्लारी काय, ऊसतोड काय, बिनधास्त लावा.

गोदाकाठचा (नांदेड)

बाईंचा लोबेलियाचा मुद्दा मान्य. तो प्रसंग मी भराभरा पुढं गेलो होतो, आत्ता उठून परत वाचला. पण लांबीबद्दल मत कायम. राज्याभिषेक आणि ‘अनेक निरोप’ ही प्रकरणं कुणी मला खुशाल अर्धी करून द्यावीत. प्रत्येक राजाचा प्रत्येक राजाला निरोप!

तेरणाकाठ (लातूर)

‘अनेक निरोप’ थोडं लांबलंय हे मीही मान्य करतो. थिओडेन राजाची अंत्ययात्रा सोडून. ती एक ओळही कमी करू देणार नाही.

कळंबच्या काकू

मी मराठी अनुवादातून वाचलंय, मुलानं आणून दिला. वय झालं, बारीक अक्षर दिसत नाही, पण शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं.

धान्य गोळा करून नेणारे लोक आले तिथं मी पुस्तक मिटून बसले होते. माझी आजी लेव्हीच्या गोष्टी सांगायची. निजामाच्या राज्यात घरात दाणा असो नसो, लेव्हीचं माप घालावंच लागायचं. मग रझाकारांचा काळ आला. आजोबा सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात, आजी पदरात दोन लेकरं घेऊन बार्शीकडं नातलगांत. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद शरण आलं आणि लोक आपापल्या गावी परतू लागले. आजी सांगायची, घराचं दार होतं पण कडी नव्हती, चूल होती पण वर आढं नव्हतं.

आता मला लिहायचंय ते वेगळंच आहे. पुस्तकात फ्रोडो त्या लढाईत तलवार उपसत नाही. मेरी आणि पिपिन लढतात, १९ हॉबिट पडतात, गुंड ७०च्या आसपास मरतात. फ्रोडोचं काम काय, तर ज्या गुंडांनी हत्यार टाकलं त्यांना चिडलेल्या हॉबिटांनी मारू नये म्हणून मधे उभं राहायचं. आणि गुंडांना सामील झालेल्या गावकऱ्यांच्या केसालाही धक्का लावू देत नाही. शेवटी गुंडांचा म्होरक्या, जादूगार सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो, तरी फ्रोडो त्याला जाऊ द्या म्हणतो.

आमच्याकडं १९४८ला सगळीकडं असा माणूस मधे उभा राहिला नाही. रझाकारांनी जे केलं ते केलंच, पण नंतर ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मुसलमान घरांवरही सूड उगवला गेला. सरकारनंच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या उस्मानाबादचं नाव आहे, नांदेडचंही आहे. आजी मुक्तीच्या गोष्टी मोठ्यानं सांगायची आणि ही गोष्ट हळू आवाजात. गल्लीतल्या मोमीनाच्या सुनेला तिनं कणगीमागं लपवलं होतं, तीन दिवस भाकरी तिथंच द्यायची. हे तिनं मला मी लग्न होऊन जायच्या आदल्या रात्री सांगितलं.

युद्ध जिंकल्यावर माणसाचा हात धरणारा कुणीतरी लागतो, हे सांगायलाच ते प्रकरण आहे असं मला वाटतं. ते गाळलं तर मग नुसती जीत उरते.

राजूर_राजा

काकू, मान ठेवून बोलतो, पण गोष्टीच्या पुस्तकाच्या धाग्यावर १९४८ कशाला? हा विषय काढला की पुढं काय होतं ते आपण सगळे जाणतो.

औंढ्याची लेक

राजूर_राजा, काकूंनी कुणाला शिव्या घातल्या का? पुस्तकात परतीनंतरच्या सुडाचाच प्रश्न आहे, त्यांनी घरातलं आठवलेलं लिहिलं. यात विषयांतर कुठंय?

तेरणाकाठ (लातूर)

धागा मी काढलाय म्हणून सांगतो, काकूंचा प्रतिसाद इथं राहू द्या. सारुमानला सोडून देण्याचा प्रसंग मला वाचताना पचला नव्हता. चिडलो होतो फ्रोडोवर. काकूंचं वाचून तो परत काढून वाचला. कणगीमागची बाई डोळ्यांपुढून हलेना.

राजूर_राजा

ठीक आहे. माझी धास्ती वेगळ्या कारणानं होती, काकूंबद्दल आदरच आहे.

डॉक्टर, अंबाजोगाई

फ्रोडोच्या आजाराबद्दल लिहितो, कारण तो भाग इतका बेमालूम लिहिलाय की चटकन नजरेतून सुटतो.

मोहिमेत वेदरटॉप टेकडीवर त्याला सुरी लागली ती ६ ऑक्टोबरला. जाळं विणणारी महाकाय कोळीण डसली ती १३ मार्चला. घरी आल्यावर तो नेमका याच तारखांना आजारी पडतो. पहिल्या मार्चमध्ये सॅम बाहेरगावी असतो. शेतकरी कॉटनला फ्रोडो पलंगावर पडलेला दिसतो, गळ्यातला पांढरा खडा मुठीत धरलेला, अर्धवट शुद्धीत. सगळं कायमचं गेलं, आता अंधार आणि पोकळी आहे, असं काहीतरी बोलत. सॅम परत येतो तोवर तो बरा झालेला असतो आणि काही सांगत नाही. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये परत तेच, पण त्या वेळी सॅमच्या घरी पहिलं बाळ येणार असतं म्हणून तो आवर्जून लपवतो. मुलगी होते २५ मार्चला, म्हणजे अंगठी नष्ट झाली त्याच तारखेला.

माझ्याकडं असे रुग्ण येतात. छातीत धडधड, झोप नाही, अन्नावरची वासना गेलेली. सगळे रिपोर्ट नीट. तारीख विचारली की कळतं, अपघाताचा महिना असतो, घरातलं माणूस गेलं तो महिना असतो. रुग्णाला स्वतःला ते जाणवलेलं नसतं. आणि सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे लपवणं. घरात मंगल कार्य आहे, माझ्यामुळं विघ्न नको. बायका तर फारच. तेरणाकाठ, तुमच्या आबांना सप्टेंबरअखेर जास्त त्रास व्हायचा का?

अजून एक. फ्रोडो डोंगराच्या टोकावर हरला होता. ऐन वेळी त्यानं अंगठी टाकायला नकार दिला, माझी आहे म्हणून बोटात घातली. अंगठीच्या मागावर असलेल्या गोलमनं बोटासकट तोडून घेतली आणि तोल जाऊन पडला म्हणून काम झालं. आपल्या हातून झालं नाही हे फ्रोडोला माहीत आहे आणि लोक त्याला वाचवणारा म्हणून मान देतात. हे ओझं घेऊन हॉबिटन गावात चहा पीत बसायचं. त्याचं जाणं मला पूर्ण पटलं.

तेरणाकाठ (लातूर)

डॉक्टर, हो. गणपती बसले की आबांचं बोलणं कमी व्हायचं. आम्ही पोरं आरास करायचो, ते वर्गणी द्यायचे, आरतीला मात्र यायचे नाहीत. विसर्जनाच्या रात्री अख्ख्या घराला अंगणात झोपायला लावायचे. आई कधी वाद घालायची नाही, गुपचूप गोधड्या बाहेर आणायची.

परभणीचा शेतकी

कृषी विद्यापीठात नोकरी, म्हणून सॅमच्या वाट्याचं बोलतो. एल्फ लोकांची स्वामिनी गॅलाड्रिएल हिनं त्याला आपल्या बागेतल्या मातीची डबी दिलेली असते. दुसरा कुणी असता तर स्वतःच्या परसात ओतून मोकळा झाला असता. सॅमनं काय केलं बघा. जिथं जिथं झाडं तोडली होती तिथं तिथं रोपं लावली आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी एक एक कण घातला. संबंध शायरभर फिरला. उरलेली चिमूट शायरच्या मधोमध, विभागांच्या सरहद्दीवर उभ्या असलेल्या दगडापाशी जाऊन वाऱ्यावर सोडली. डबीत एक रुपेरी बी होतं, ते तोडलेल्या मोठ्या झाडाच्या जागी लावलं. मग थांबला. वसंत येईपर्यंत काही दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षीचं, शायरच्या सनातल्या १४२०चं पीक शायरात पिढ्यान् पिढ्या बोलण्यात राहिलं. जव असं आलं की त्या सालच्या बिअरची आठवण म्हातारे काढत राहिले.

मराठवाड्यात आम्ही दरवर्षी वृक्षारोपण करतो. खड्डे तेच, फोटो तोच, उन्हाळ्यात टँकर माणसांनाच पुरत नाही तिथं रोपांना कोण घालणार. रोप लावायला एक सकाळ पुरते, जगवायला तीन उन्हाळे लागतात. राजा परत आला, जादूगार जिंकला, पण शायर परत उभं केलं ते माळ्यानं. म्हणून मला सॅमचं घरी येणं हाच खरा शेवट वाटतो. फ्रोडोच्या जहाजापेक्षा सॅमच्या कुदळीवर माझा जीव जास्त.

डोंगरवाट (अंबड)

हॉबिट दिवसातून सहा वेळा जेवतात, त्यात १४२०सारखं साल. कामून कुणी त्यांना आपल्याकडं हुरड्याला बोलवंना? आगटीपाशी एकदा बसले असते तर पहिला भागच निघाला नसता, अंगठी तिथंच राखेत.

बीडच्या बाई

शेंगदाण्याची चटणी आणि गूळ आमच्याकडून 😊

वाचनघर (हिंगोली)

मालिकांच्या शेवटांचा विषय निघालाय म्हणून. ‘व्हील ऑफ टाइम’ कुणी पूर्ण केलीय का? पहिलं पुस्तक १९९०चं. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारला, मालिका अपुरी. त्याच्या पत्नीनं, ती त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसनला काम दिलं आणि त्यानं जॉर्डनच्या टिपणांवरून तीन पुस्तकं लिहून २०१३ला चौदावं पुस्तक आणलं. शेवटचा प्रसंग जॉर्डन स्वतः लिहून गेला होता. चौदा पुस्तकं वाचून मी तिथं पोचलो, आणि तिथं तेरणाकाठ म्हणतात ते ‘नंतरचं’ जवळपास नाहीच. अंतिम युद्धाचं एक प्रकरण स्वतःच एखाद्या पुस्तकाएवढं, आणि मग काही पानांत खलास. कोण घरी गेलं, कोणाचं काय झालं, काही नाही. फार रितं वाटलं. गोदाकाठचा यांना ती मालिका आवडेल.

माळवद (छत्रपती संभाजीनगर)

हे आपल्याकडं त्याच्याही आधी झालंय. देवकीनंदन खत्रींची ‘भूतनाथ’ अपुरी राहिली, ते १९१३ साली गेले, पुढचे भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्रींनी पूर्ण केले.

आणि शेवट लांबवण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही. महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत संपतं. त्यानंतर स्त्रीपर्व, शांतिपर्व, अनुशासनपर्व, थेट स्वर्गारोहणापर्यंत आठ पर्वं आहेत. युद्धानंतर युधिष्ठिराला राज्य नकोसं होतं. जिंकलेल्याला विजय गोड लागत नाही, हे ऐकत आपण मोठे झालो. गोदाकाठचा, व्यासांनाही अर्धं करून मागणार का?

गोदाकाठचा (नांदेड)

शांतिपर्व कुणी अर्धं करून दिलं तर घेईनच 😄

गंमत सोडा. डॉक्टर आणि काकूंचे प्रतिसाद वाचून मी ते प्रकरण नव्यानं वाचायला घेतलंय. लांबीवरून माझं भांडण राहणारच, पण सिनेमानं गाळलं ते बरोबर केलं हे विधान मागं घेतो. सिनेमाच्या वाढीव आवृत्तीत सारुमानला तिकडं त्याच्या आयसेनगार्ड गडावरच मारून टाकलंय, त्यामुळं फ्रोडोनं त्याला सोडण्याचा प्रसंगच जन्माला येत नाही. ते नुकसान आत्ता कळलं.

पण तेरणाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नावर माझा राग आहे. फ्रोडो गेला, पटलं. सॅमचं काय? ज्यानं त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढवला त्याला ऐन वाटेत कळतं की मालक निघाला. तीन मित्र घोड्यावरून मुकाट परत येतात. सॅम दारात शिरतो, बायको पोरीला मांडीवर देते आणि तो म्हणतो, आलो मी परत. खलास. ज्यानं सगळ्यात जास्त केलं त्याच्या वाट्याला विरह. हा अन्याय आहे.

परभणीचा शेतकी

अन्याय कसला, बायको, लेकरू, ताट वाढलेलं, चूल पेटलेली. याच्यासाठीच तर गेले होते की.

औंढ्याची लेक

दोन्ही खरं आहे. फ्रोडो त्याला जाताना सांगतोच की तुझे दोन तुकडे करून चालणार नाही, तुला अजून खूप वर्षं अख्खं राहायचंय. मी शायर वाचवायला निघालो, ते वाचलं, पण माझ्यासाठी नाही. काहीजणांना सोडावं लागतं तेव्हा बाकीच्यांना ठेवता येतं. माझे वडील निवृत्त फौजी, हा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, परत वाच.

माळवद (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठचा, तुमच्या रागावर इलाज पुस्तकातच आहे. परिशिष्ट ब, सनावळी. बहुतेक लोक परिशिष्टं उघडत नाहीत.

सॅम सात वेळा शायरचा मेयर होतो. १४८२ साली त्याची बायको रोझी जाते. त्याच सप्टेंबरच्या २२ तारखेला, म्हणजे फ्रोडो आणि त्याला अंगठी देणारा बिल्बो या दोघांच्या वाढदिवशी, तो बॅग एंड सोडतो, ही सगळी हकिगत लिहिलेलं लाल पुस्तक मुलीच्या, एलानोरच्या हवाली करतो, आणि अंगठी वाहिलेल्यांतला शेवटचा म्हणून समुद्रापलीकडं गेला असं घरात सांगत आले, अशी नोंद आहे. थोडे दिवस का होईना अंगठी त्यानंही वागवली होती, म्हणून त्याला ती वाट मोकळी. म्हणजे संसार पूर्ण करून, सगळ्यांचं सगळं करून, मग गेला. एवढी मोठी गोष्ट टोल्किननं तारखांच्या यादीत एका नोंदीत ठेवलीय.

त्यानं एक उपसंहारही लिहिला होता, सॅम आपल्या पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलाय असा. छापताना तो काढून टाकला. त्याच्या मुलानं तो १९९२ साली ‘सॉरॉन डिफिटेड’मध्ये छापला. तेव्हा लांबीची तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्याला अजूनही सांगायचं होतं!

गोदाकाठचा (नांदेड)

परिशिष्ट ब आत्ता उघडलं. १४८२ सापडलं. माझी अन्यायाची तक्रार परत घेतो आणि आज एवढंच.

कळंबच्या काकू

मराठी प्रतीत ही सनावळी आहे का ते बघते. मुलाला हाक मारलीय.

बीडच्या बाई

एक कामाचं विचारते. आठवीतली एक मुलगी आहे, हातात येईल ते वाचते. आईवडील या वर्षी फडावर आहेत, ती आजीकडं. तिला ही मालिका द्यावी असं हा धागा वाचून मनात आलं. झेपेल का? कुठून सुरू करू?

तेरणाकाठ (लातूर)

बाई, आधी ‘द हॉबिट’ द्या. १९३७चं, मुलांसाठीच लिहिलेलं, एकाच पुस्तकात गोष्ट पुरी होते आणि अंगठी कुठून आली ते त्यात आहे. ते तिनं दोन दिवसांत संपवलं तर मालिकेचा पहिला भाग द्या. सुरुवातीला हॉबिटांच्या चालीरीतींची लांबलचक प्रस्तावना आहे, ती सोडून थेट बिल्बोच्या वाढदिवसापासून सुरू करायला सांगा. पुढं टॉम बॉम्बाडिलच्या घरी बरीच पोरं कंटाळून पुस्तक ठेवतात. तिथं अडली तर म्हणावं दोन प्रकरणं रेट, ब्री गाव आलं की मग पुस्तक खाली ठेवणार नाहीस. औरंगपुऱ्यात येणारं कुणी असेल तर जुनी प्रत मिळते का बघा, नाहीतर माझी पाठवतो. माझ्या प्रतीत पेन्सिलच्या खुणा आहेत, तेवढ्या खोडून देईन.

माळवद (छत्रपती संभाजीनगर)

शनिवारी औरंगपुऱ्यात चक्कर आहे, बघून इथंच कळवतो. आणि तेरणाकाठ, खुणा खोडू नका, राहू द्या तिला.